ब्रेकरमधली पांढरी भुकटी आणि एसएफ४ नावाचा वायू: पायरीपायरीने

मे महिन्यातली दुपार होती. सोलापुरात त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बी.एस्सी. करून तो आता विजेच्या उपकेंद्रांच्या देखभालीचं काम करतो. म्हणाला, "काय ओ सर, एक विचारायचं होतं. फॉल्ट झालेला ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, उघडलाय. आत पांढरी राख बसलीय आणि सडक्या अंड्यासारखा वास येतोय. पुसून घेऊ का?"

मी त्याला आधी तिथून बाहेर यायला सांगितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पण सर, ब्रेकरमध्ये भरलेला एसएफ६, म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड, तर निष्क्रिय असतो ना? तुम्हीच शिकवलं होतं."

शिकवलं होतं, आणि ते बरोबरही आहे. पण वर्गात ती गोष्ट तिथेच संपते. त्याच गंधकाचं आणि त्याच फ्लोरिनचं दुसरं संयुग, सल्फर टेट्राफ्लोराइड (एसएफ४), पाण्याच्या वाफेचा स्पर्श झाला तरी फुटतं, आणि ब्रेकरमध्ये ठिणगी पडली की निष्क्रिय एसएफ६ मधूनच ते तयार होतं. म्हणून हा लेख दोघांसाठी लिहितोय: परीक्षेसाठी एसएफ४ ची रचना पाठ करणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि ज्यांना ही रचना खरोखर हाताळावी लागते त्या यार्डातल्या, म्हणजे उपकेंद्राच्या आवारातल्या माणसांसाठी. वही-पेन्सिल घेऊन बसा, दोन बटाटेही लागतील. एक गोष्ट आधीच सांगतो. हा वायू कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवायचा नाही आणि मागवायचाही नाही. तो कागदावर पूर्ण समजतो.

पायरी १: इलेक्ट्रॉन मोजा

गंधकाच्या बाहेरच्या कवचात ६ इलेक्ट्रॉन असतात. चार फ्लोरिन प्रत्येकी एक देतात. एकूण १०, म्हणजे ५ जोड्या. त्यातल्या चार बंधांत गेल्या, एक उरली. ही उरलेली एकाकी जोडी, म्हणजे लोन पेअर, या सगळ्या कहाणीची नायिका आहे.

इथे एक चूक दरवर्षी होते. चार फ्लोरिन दिसले की मुलं चतुष्फलक काढून मोकळी होतात, कारण कार्बन टेट्राफ्लोराइड तसा असतो. तीन रेणू शेजारी लिहून बघा: सीएफ४, एसएफ४ आणि झेनॉनचा एक्सईएफ४. तिघांतही फ्लोरिन चारच. पण मध्यवर्ती अणूभोवती जोड्या अनुक्रमे ४, ५ आणि ६. म्हणून पहिला चतुष्फलक, तिसरा सपाट चौकोन, आणि मधला आपला एसएफ४ दोघांसारखाही नाही. आकार ठरवताना फक्त फ्लोरिन मोजून भागत नाही, सगळ्या जोड्या मोजाव्या लागतात.

पायरी २: बटाटा आणि खराट्याच्या काड्या

पाच जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहायचं म्हणतात तेव्हा त्रिकोणी द्विपिरॅमिड तयार होतो. सोललेला बटाटा घ्या. त्याच्या पोटाभोवती १२० अंशांवर तीन काड्या खोचा. या विषुववृत्तीय जागा. मग एक काडी वरून, एक खालून. या अक्षीय जागा.

आता लोन पेअर कुठे बसवायची? चार काड्यांच्या टोकांना शेंगदाणे लावा आणि पाचव्या जागी छोटा फुगा बांधा. लोन पेअर फक्त गंधकाच्या ताब्यात असते, त्यामुळे ती बंधातल्या जोडीपेक्षा जास्त पसरते. फुगा वर बांधून बघा. त्याला ९० अंशांवर तीन शेजारी मिळतात. तोच पोटाजवळ बांधा. आता ९० अंशांवरचे शेजारी दोनच, बाकीचे दोन १२० अंशांवर, ऐसपैस. म्हणून लोन पेअर पोटाशी बसते. आता बटाटा आडवा धरा: बागेतल्या सी-सॉसारखा आकार दिसेल. फळीची दोन टोकं म्हणजे अक्षीय फ्लोरिन, खालचे दोन पाय म्हणजे विषुववृत्तीय फ्लोरिन.

वर्गात हे बटाटे दिले की फळ्यावरच्या तीन आकृत्यांनी होत नाही ते पाच मिनिटांत होतं. हातानं फुगा हलवून बघितलेला मुलगा ही रचना पुन्हा विसरत नाही.

पायरी ३: प्रत्यक्ष मोजमाप काय सांगतं

सी-सॉची फळी सरळ असती तर कोन १८० अंश आला असता. तो साधारण १७३ आहे. पायांमधला कोन १२० हवा होता, तो जवळपास १०२ आहे. फुग्यानं चौघांनाही रेटलंय.

बंधांची लांबी आणखी बोलकी आहे. अक्षीय बंध सुमारे १६४.६ पिकोमीटर (मीटरचा लाख-कोटीवा भाग म्हणजे पिकोमीटर), विषुववृत्तीय १५४.५. एकाच रेणूत, त्याच दोन मूलद्रव्यांमध्ये, दहा पिकोमीटरचा फरक. जुन्या पुस्तकांत याला एसपी३डी संकरण (गंधकाच्या एस, पी आणि डी कक्षिकांचं मिश्रण) म्हणतात आणि विषय तिथे संपवतात. पेपरात तसं विचारलं तर तसं लिहा, गुण जाणार नाहीत. पण आज मानली जाणारी समजूत अशी की गंधकाच्या डी कक्षिकांचा यात फारसा हात नाही. अक्षीय फ्लोरिन, गंधक आणि समोरचा अक्षीय फ्लोरिन, हे तिघं मिळून चार इलेक्ट्रॉन वाटून घेतात. वाटणी तिघांत झाली की प्रत्येक बंधाच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तो सैल आणि लांब. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण ते मोजलेल्या लांबीपर्यंत आपोआप पोचतं. एसपी३डी म्हटल्यावर लांबीतल्या फरकासाठी वेगळं कारण शोधत बसावं लागतं.

पायरी ४: रेणू स्वस्थ बसत नाही

हे थोडक्यात. दोन प्रकारचे फ्लोरिन असतील तर फ्लोरिन-१९ एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणाऱ्या तपासणीत) दोन वेगळे संकेत दिसायला हवेत. खोलीच्या तापमानाला दिसतो एकच. वायू उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला की दोन संकेत वेगळे होतात, आणि प्रत्येकाचे तीन-तीन फाटे पडतात, कारण प्रत्येक जोडीला समोरची दोन फ्लोरिन जाणवतात. कारण असं की अक्षीय आणि विषुववृत्तीय फ्लोरिन सतत जागा बदलत असतात. १९६० साली आर. स्टीफन बेरी यांनी ही अदलाबदल कशी होते ते मांडलं, म्हणून तिला बेरीचं छद्मभ्रमण म्हणतात. बटाट्यावर करून बघा: लोन पेअर स्थिर धरा, वरच्या-खालच्या काड्या एकमेकींकडे थोड्या दाबा, पायांच्या काड्या फाकवा. मधल्या टप्प्यावर चारही काड्या सारख्या दिसतात. आणखी थोडं ढकललं की फळीचे पाय होतात आणि पायांची फळी.

पायरी ५: पाणी

इथे थांबा आणि सावकाश वाचा, कारण पुढचा सगळा धोका इथून निघतो.

एसएफ४ रंगहीन आहे. उणे ३८ ते ४० अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे आपल्याकडे तो कायम वायूच. त्याचं रेणुवस्तुमान १०८, हवेचं सरासरी २९, म्हणून तो हवेच्या पावणेचारपट जड आणि जमिनीलगत साचणारा. आणि पाणी दिसलं की:

एसएफ४ + एच२ओ → एसओएफ२ + २ एचएफ

एसओएफ२ + एच२ओ → एसओ२ + २ एचएफ

पहिल्या पायरीत थायोनिल फ्लोराइड तयार होतं, दुसऱ्या पायरीत सल्फर डायऑक्साइड. दोन्ही वेळा हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतो. एकूण हिशेब: एका एसएफ४ मागे चार एचएफ.

हा हिशेब ग्रॅममध्ये करून बघा. १०८ ग्रॅम एसएफ४ पासून ८० ग्रॅम एचएफ आणि ६४ ग्रॅम एसओ२. म्हणजे १ ग्रॅम एसएफ४ मागे ०.७४ ग्रॅम एचएफ. आत गेलेल्या वायूपैकी तीन चतुर्थांश वजनाइतकं काच खाणारं आम्ल, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड, बाहेर येतं. माणसाच्या नाकात, घशात, फुप्फुसात पाण्याची कमतरता नसते, तेव्हा ही क्रिया तिथे लगेच होते.

सोलापुरातला माणूस इथे हमखास एक प्रश्न विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे: "आपल्याकडची हवा तर कोरडी. उन्हाळ्यात ओठ फुटतात. मग ओलावा येणार कुठून?" हिशेब करू. ४० अंशांना पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ५१ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २० टक्के धरली तरी १० ग्रॅम उरतात. ३६ ग्रॅम पाणी १०८ ग्रॅम एसएफ४ पूर्ण फोडतं, म्हणजे १० ग्रॅम पाणी ३० ग्रॅम फोडेल. आपल्याला कोरडी वाटणारी ती हवासुद्धा, एका घनमीटरमागे, ३० ग्रॅम एसएफ४ ला पुरून उरते. कोरड्या हवेचा भरवसा धरू नका.

आता किती सोसवतो ते. कामाच्या जागी एसएफ४ ची सुचवलेली कमाल मर्यादा ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) आहे, आणि ती क्षणभरही ओलांडायची नाही अशी मर्यादा आहे. एसएफ६ साठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा १००० पीपीएम. म्हणजे दहा हजारपटींचं अंतर. १ ग्रॅम एसएफ४ म्हणजे २५ अंशांना सुमारे ०.२२६ लिटर वायू. त्याला ०.१ पीपीएमपर्यंत पातळ करायला २२६० घनमीटर हवा लागते. २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद, ६ मीटर उंच मंगल कार्यालयाचा हॉल डोळ्यांपुढे आणा. चिमूटभर वजनाचा वायू तेवढ्या अख्ख्या हॉलला मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतो.

पायरी ६: मग एसएफ६ गप्प का?

एसएफ६ चा शोध १९०१ साली आंरी म्वासां आणि पॉल लबो यांनी लावला. सहा फ्लोरिन, अष्टफलक, सगळे बंध सारखे. पाण्याशी त्याची क्रिया व्हायला ऊर्जेच्या हिशेबानं काहीच आडकाठी नाही, उलट ती उताराचीच वाट आहे. तरी ती होत नाही. कारण गंधकापर्यंत पोचायला जागाच नाही. लहानशा अणूभोवती सहा फ्लोरिन खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि पाण्याच्या रेणूला आत शिरायला फट सापडत नाही.

याचा पुरावा शेजारच्या घरात मिळतो. त्याच कुटुंबातला टेल्युरियम आकारानं मोठा. त्याच्या टीईएफ६ मध्ये फ्लोरिन सहाच आहेत, पण त्यांच्यामधली जागा मोकळी, आणि तो पाण्यानं हळूहळू फुटतो. दाटी कमी झाली की संरक्षण गेलं. एसएफ४ मध्ये तर दोन फ्लोरिन कमी आहेत आणि त्या बाजूला वाट उघडी आहे. मूलद्रव्यं तीच, पण ही एक बाजू उघडी असल्यामुळे दोघांच्या स्वभावात एवढा फरक.

पायरी ७: देणारा आणि घेणाराही

लोन पेअर आहे म्हणून एसएफ४ इलेक्ट्रॉन देऊ शकेल असं वाटतं, आणि गंधकाभोवती जागा आहे म्हणून तो घेऊही शकतो. सिझियम फ्लोराइडकडून तो फ्लोराइड आयन घेतो आणि एसएफ५ चा ऋण आयन बनतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडला मात्र तो स्वतःचा एक फ्लोराइड देऊन टाकतो आणि एसएफ३ चा धन आयन उरतो. दोन्ही आयनांचे आकार पायरी १ च्या रीतीनं स्वतः काढा. पहिल्यात सहा जोड्या येतील, दुसऱ्यात चार. हा सराव एकदा केला की या विषयावरचा कुठलाही प्रश्न अडत नाही.

ऑक्सिडेशन अंकाचा सरावही एसएफ४ वर चांगला होतो. उद्योगात तो बनवण्याची पुस्तकात येणारी क्रिया अशी:

३ एससीएल२ + ४ एनएएफ → एसएफ४ + एस२सीएल२ + ४ एनएसीएल

डावीकडे तिन्ही गंधक अधिक २ वर. उजवीकडे एक अधिक ४ वर चढला, दोन अधिक १ वर उतरले. बेरीज दोन्हीकडे ६. स्वतःच्याच भावंडाला खाली ढकलून एक वर चढतो, त्याला विषमानुपातन म्हणतात.

पायरी ८: एवढा धोका पत्करून तो वापरतात कशाला

कारण कार्बनवर फ्लोरिन बसवणं फार अवघड आहे आणि एसएफ४ ते नेमकं करतो. कीटोनमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध काढून तिथे दोन फ्लोरिन बसवतो. कार्बोक्झिलिक आम्लाच्या गटाचा थेट सीएफ३ करतो. ड्यूपाँच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास हे काम प्रसिद्ध केलं. औषधं आणि कीटकनाशकं यांच्या रेणूंत फ्लोरिन किती वेळा दिसतो हे पाहिलं की या क्रियेचं मोल कळतं. पुढे १९७० च्या दशकात एसएफ४ पासूनच डास्ट नावाचं द्रव अभिकारक आलं. प्रयोगशाळेत ते हाताळायला पुष्कळ सोपं आहे, पण ९० अंशांच्या वर तापवलं तर त्याचा स्फोट होऊ शकतो.

पुन्हा ब्रेकरकडे

सोलापूर विजेच्या नकाशावर महत्त्वाचं ठिकाण आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड देशाच्या उरलेल्या ग्रीडशी जोडली गेली. एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच जिल्ह्यातच आहेत. एवढ्या मोठ्या दाबाची वीज तोडायला जे ब्रेकर असतात त्यांत एसएफ६ भरलेला असतो. संपर्क वेगळे होताना जी कमान पेटते तिचं तापमान हजारो अंशांत जातं. तिथे एसएफ६ तुटतो, एसएफ४ आणि सुटे फ्लोरिन तयार होतात. कमान विझली की बहुतेक तुकडे पुन्हा जुळून एसएफ६ होतात, आणि म्हणूनच हा वायू या कामाला इतका उपयोगी पडतो. पण थोडे तुकडे जुळत नाहीत. फ्लोरिन संपर्कांच्या तांब्याला आणि टंगस्टनला धरतो, धातूंची फ्लोराइडं तयार होतात. तीच ती पांढरी-करडी भुकटी. एसएफ४ ला आतल्या किंचित ओलाव्यातून थायोनिल फ्लोराइड आणि एचएफ होण्याची वाट मिळते. सडक्या अंड्यासारखा वास तिथून येतो. ताजा एसएफ६ निर्वास असतो, म्हणून वास आला याचा अर्थ आत विघटन झालेलं आहे.

विद्यार्थ्याला मी जो क्रम सांगितला तोच इथे देतो. उत्पादकाची पुस्तिका आणि तुमच्या कार्यालयाचे नियम यांच्या वर मात्र हा क्रम नाही.

उघडण्याआधी वायूचा नमुना तपासा. त्यात एसओ२ चं प्रमाण वाढलेलं असेल तर आत कमान पेटली होती असं समजा. वायू हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी गाडीनं ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा. हे दोन कारणांनी: आतल्या विषारी भागासाठी, आणि स्वतः एसएफ६ साठीही, कारण शंभर वर्षांच्या मापानं तो कार्बन डायऑक्साइडच्या २३,५०० पट हवा तापवतो. एक किलो सोडला तर साडेतेवीस टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

मग निर्वात करा, कोरडा नायट्रोजन भरा, पुन्हा निर्वात करा, आणि शेवटी कोरडी हवा घेऊन झाकण उघडा. उघडल्यावर लगेच आत वाकू नका, हवा खेळू द्या. केबल ट्रेंच आणि खड्डे यांत आधी ऑक्सिजन मोजा. १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उतरायचं नाही. एसएफ६ हवेच्या पाचपट जड आहे, तो खड्ड्यात तळाशी बसतो आणि काहीही न जाणवता माणूस गुदमरतो.

आम्लवायू आणि धूळ दोन्ही अडवणारा मास्क, घट्ट बसणारा चष्मा, एकदाच वापरायचा अंगभर सूट, निओप्रीन किंवा नायट्राइलचे हातमोजे. साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. भुकटी झाडूनं झाडायची नाही, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकायची नाही, सुती चिंधीनं पुसायचीही नाही. बारीक धूळ धरणाऱ्या फिल्टरच्या व्हॅक्यूमनं ओढा. उरलेलं सोडा ॲशच्या किंवा चुन्याच्या पाण्यानं निष्प्रभ करा. चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला पकडून न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड बनवतं. आतले जुने शोषक, ॲल्युमिना किंवा मॉलिक्युलर सीव्ह, बंद डब्यात ठेवा. एसएफ४ आणि त्याची पिल्लं त्यांनीच पोटात धरलेली असतात.

आणि कळकळीनं एक सांगतो. यार्डात खिशात तंबाखू-चुना नेऊ नका. काम थांबवून त्याच हातावर तंबाखू मळली की भुकटी सरळ तोंडात जाते. बिडी-सिगारेटही नको. हात, मनगट, चेहरा धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

संपर्क झालाच तर

एचएफची एक वाईट सवय अशी की सौम्य द्रावण लागलं तर सुरुवातीला दुखत नाही. काही तासांनी, कधी रात्री, हाडापर्यंत कळ जाते. तो त्वचेतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो, आणि प्रमाण जास्त असेल तर हृदयाची लय बिघडते. म्हणून "काही होत नाहीये" हे ऐकून घेऊ नका.

कपडे आणि हातमोजे लगेच काढा, भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा. मग २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हातमोजे घालून चोळत राहा. हे जेल कामाच्या पेटीत आधीपासून असायला हवं. ऐन वेळी दुपारी तीनला दुकानं हिंडून ते मिळेलच असं नाही. पानाच्या डब्यातला चुना मात्र चुकूनही लावू नका. त्यातही कॅल्शियम आहे हे खरं, पण तो स्वतः कातडी जाळतो. डोळ्यांत गेलं तर जेल घालायचं नाही, पंधरा मिनिटं पाणीच. श्वासात गेलं असेल तर मोकळ्या हवेत बसवा, चालवू नका, आणि बरं वाटतंय म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी साचायला कित्येक तास लागू शकतात, त्यामुळे त्याला एक दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं.

दवाखान्यात पोचल्यावर "गॅस लागलाय" एवढंच सांगू नका. तसं ऐकून डॉक्टर भलत्याच वायूचा विचार करतील. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून हातात द्या: "हायड्रोफ्लोरिक ॲसिड. एसएफ६ ब्रेकरमधलं विघटन. कॅल्शियम तपासा." तो कागद माझ्या विद्यार्थ्यानं आता लॅमिनेट करून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय, जेलच्या ट्यूबशेजारी.